वॉशिंग सेंटर कोणाच्या नावावर?

(चिखली येथे बचत गटांतील महिलांसमोर केलेले भाषण)



मला आज 'स्त्रिया आणि उद्योग' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय एवढा मोठा आहे की बोलणारीही दमते आणि ऐकणारीही. म्हणून मी एकाच धंद्याबद्दल बोलते, गाड्या धुण्याच्या. तुमच्यातल्याच एका गटातल्या तिघींनी मला विचारलं, की रस्त्यालगतचं एक चालू वॉशिंग सेंटर विकायला निघालंय, तिघींनी मिळून घ्यावं का? मालक म्हणतो, मशीन आहे, रॅम्प आहे, बोअर आहे, गिऱ्हाईक बांधलेलं आहे, तुम्ही फक्त गल्ल्यावर बसायचं.

मला या प्रश्नाचा आनंद झाला. पापड-लोणच्यांच्या पुढे काही सुचवायचं म्हटलं की आपल्याला शिलाई मशीनच दाखवतात. आणि 'गाड्या धुणं बायकांचं काम नाही' असं म्हणणाऱ्यांची तर मला गंमतच वाटते. भांडी, कपडे, गोठा, अंगण, म्हातारी माणसं, लेकरं, सगळं धुण्याचं काम जन्मभर आपलं. त्याचे पैसे मिळायला लागले की ते पुरुषांचं काम कसं होतं?

तेव्हा घ्यावं का, याचं उत्तर 'बायकांनी घ्यावं का' असं नसून 'हे घ्यावं का' असं शोधायचं आहे. मालक काय विकतोय ते आधी पाहू. प्रेशर पंप आणि कॉम्प्रेसर बाजारात नवे मिळतात. गिऱ्हाईक कोणी कागदावर लिहून देत नाही, शेजारी दुसरं सेंटर निघालं की ते तिकडे जातं. रस्ताही बदलतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून मेहकर, सिंदखेड राजाकडची लांब पल्ल्याची बरीच वाहनं त्यावर चढली. त्या रस्त्यावरची गाडी मनाला येईल तिथे खाली उतरत नाही. म्हणजे खरी किंमत दोनच गोष्टींची, जागेची आणि पाण्याची.

धंदा किती होतो हे मालकाच्या वहीवर ठरवू नका. दसऱ्याला गावातली प्रत्येक गाडी धुतली जाते. त्या आठवड्याची वही कोणीही अभिमानाने दाखवील. बारा महिन्यांची विजेची बिलं मागा. पंप आणि कॉम्प्रेसर विजेशिवाय चालत नाहीत. गाड्या धुतल्या असतील तर युनिट जळलेले दिसतील. आणि बिल हातात आलंच आहे तर मीटर कोणत्या वर्गातलं आहे तेही बघा. शेतीपंपाच्या कनेक्शनवरचं पाणी धंद्याला वापरलेलं निघालं, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. असं मीटर मालकाला स्वस्त पडलेलं असतं, म्हणून वहीतला नफाही फुगलेला दिसतो.

आता पाणी. हिशोब सोपा आहे. नळीतून मिनिटाला पंधरा लिटर पाणी जातं असं धरा. एक चारचाकी दहा मिनिटं धुतली की दीडशे लिटर. दिवसाला अशा वीस गाड्या म्हणजे तीन हजार लिटर. जलजीवन मिशनने २०१९ साली खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर हे माप ठरवलं. म्हणजे तुमचं सेंटर रोज चोपन्न-पंचावन्न माणसांचं पाणी वापरणार. पावसाळ्यात हे कोणाला खुपणार नाही. पण ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्यातले जे ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आपले बुलडाणा आणि लोणार होते. तशा वर्षी हंड्यांची रांग लागलेल्या वस्तीशेजारी तुमचा बोअर गाड्या धुत असेल, तर त्या रांगेतल्या बायका तुम्हाला काय म्हणतील? त्या बरोबरच म्हणतील. मार्च २०२४ मध्ये बंगळूरमध्ये गाड्या धुवायला पिण्याचं पाणी वापरण्यावर बंदी आली आणि पाच हजार रुपये दंड ठरला. एवढं मोठं शहर, पण पहिला घाव याच धंद्यावर पडला.

म्हणून बोअर मे महिन्यात बघायचा, ऑक्टोबरमध्ये नव्हे. घाटाखालच्या मैत्रिणींनी आणखी एक बघायचं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा आहे. त्या पाण्याने गाडी धुतली की वाळल्यावर पांढरे डाग उठतात, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा लागतो, ते विकत आणायचं की पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं, हे आधी ठरवा. तेलकट पाणी वेगळं करून गाळ बसवायला खड्डे करावे लागतात. वरचं पाणी पहिल्या धुण्याला पुन्हा घेता येतं. सर्व्हिसिंगही करणार असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा कागद मालकाकडे आहे का ते विचारा. तो हसला तर समजून जा.

परदेशात या धंद्याची एक वेगळी पद्धत आहे. पेटीत नाणी टाकायची, ठरावीक मिनिटं पाणी सुटतं, गाडी ज्याची त्याने धुवायची. मालक दिवसातून एकदा येऊन पेटी उघडतो. आपल्याकडे कारवाला खुर्चीवर बसून चहा पितो आणि पोरगं गाडी धुतं. पण ट्रॅक्टरवाला, ऑटोवाला, काळीपिवळीवाला? हे लोक आजही गाडी स्वतःच धुतात, त्यांना फक्त पाण्याचा जोर हवा असतो. त्यांच्यासाठी एक ओटा आणि मिनिटावर भाडं ठेवून बघायला हरकत नाही. मजुरी वाचते, बाई एकटी असली तरी सांभाळू शकते. आणि मिनिटाला पैसे पडतात म्हटल्यावर गिऱ्हाईक स्वतःच नळी बंद करतं.

आता ज्यासाठी मी खरं उभी राहिले तिकडे येते. घाटाखालच्या एका गावातल्या बाईकडे बँकेची नोटीस आली, म्हणून ती आमच्याकडे आली. वॉशिंग सेंटर तिच्या नावावर होतं. ती तिथे दोनदा गेली होती, पूजेला आणि फोटोला. गल्ला दिराकडे, पासबुक नवऱ्याकडे. कर्ज तिचं. घरातले म्हणाले, 'नावावर तुझ्याच केलं होतं ना?' २००८ साली आलेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत बाईला स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के आणि खेड्यात ३५ टक्के अनुदान ठेवलं गेलं. सवलत बाईला होती, म्हणून घरात अचानक बाईची आठवण झाली. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमीन केली होती. इथे बायकोच्या नावावर कर्ज केलं गेलं.

आणि त्या योजनेचं अनुदान नव्या उद्योगाला होतं, चालू धंदा विकत घ्यायला नव्हे. तेव्हा 'अनुदान मिळवून देतो' म्हणणाऱ्याच्या कोऱ्या कागदावर सही करू नका. तुम्हाला साधं कर्ज घ्यावं लागेल. सहा लाख, ११ टक्के, पाच वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता तेरा हजारांच्या वर जातो. महिन्यात सव्वीस दिवस धंदा झाला तर रोजचे पहिले पाचशे रुपये बँकेचे. वीज, भाडं, पोरांची मजुरी, साबण त्यानंतर, आणि तुमची स्वतःची मजुरीही त्यातच लिहा. ती न लिहिता जो नफा दिसतो तो नफा नाही.

तिघी मिळून घेणार असाल तर भागीदारीचा करार करा. भागीदारीत धंद्याचं देणं एकीने बुडवलं तर तिन्ही घरांवर येतं, हे घरी जाऊन मोठ्याने सांगा. खात्यावर दोघींच्या सह्या असल्याशिवाय पैसे निघू नयेत, आणि त्या दोघी एकाच घरातल्या नसाव्यात. जागेचा करार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी सक्तीची आहे. ज्याच्याशी करार करता त्याचं नाव सातबारावर आहे का, त्याच्या बहिणींची नावं आहेत का, तेही बघा. भावाने परस्पर जागा दिली आणि उद्या बहिणीने हक्क मागितला तर आपण कोणत्या तोंडाने तिच्या विरुद्ध उभं राहणार?

त्या तिघींनी अजून विसार दिलेला नाही, ते बरं आहे. येत्या बुधवारी त्या मालकाकडून वीजबिलं, सातबारा आणि जागेचा करार घेऊन येणार आहेत. बाकीच्यांनीही आपले कागद आणावेत. मूळ कागद घरीच ठेवा, झेरॉक्स आणा.