लेख कोणाचा?

(गांवच्या वाचनालयांत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मी कांहीं पंडित नव्हे. पाटीवर अक्षरें गिरवून घेणारा मास्तर. पण आपल्या लोहारदादांनीं परवां मला असा पेंच घातला कीं, उत्तर शोधतां शोधतां मी थेट विलायतेस पोंचलों! विळ्यास पाणी कसें द्यावें यावर त्यांनीं चार पानें लिहिलीं. मीं तीं 'सुधारलीं.' दादा म्हणाले, "मास्तर, विळा माझा, भाषा तुमची. खालीं नांव कोणाचें घालूं?"

चार्लस डिकन्स हा इंग्लंडांतील नामांकित कादंबरीकार. १८५० सालीं त्यानें 'हाउसहोल्ड वर्ड्‌स' नांवाचें दोन पेनी किंमतीचें साप्ताहिक काढलें. तें १८५९ पर्यंत चाललें. लिहिणारे शेंकडों, पण लेखाखालीं कोणाचेंच नांव नसे. पानाच्या माथ्यावर मात्र 'चालक, चार्लस डिकन्स.' आलेले लेख तो कापी, जोडी, कधीं मधले परिच्छेदच नवे घाली. परिणाम काय झाला? पहिल्याच अंकांत मँचेस्टरच्या मिसेस गॅस्केल बाईंची 'लिझी ली' ही गोष्ट आली, ती अमेरिकेंतील छापखानेवाल्यांनीं डिकन्सच्या नांवावर विकली! पेरलें एकानें, खळें दुसऱ्याच्या नांवें.

बाईही लेच्यापेच्या नव्हत्या. त्यांच्या 'क्रॅनफर्ड'मधील एक कप्तान डिकन्सचें 'पिकविक' वाचण्यांत गढलेला असतां रुळावर मूल पाहतो व त्यास वांचवितांना आगगाडीखालीं सांपडतो. १८५१ च्या डिसेंबरांत हें छापतांना, आपल्याच पत्रांत आपली थोरवी नको, म्हणून डिकन्सनें 'पिकविक' खोडून हूड या दुसऱ्या लेखकाचें नांव घातलें. हेतु वाईट नव्हता हें मी कबूल करतों. पण बाईंस तें रुचलें नाहीं. १८५३ सालीं पुस्तक काढतांना त्यांनीं 'पिकविक' पुनः जागेवर बसविलें.

मग निवाडा कसा करावा? भाषेवरून म्हणाल, तर ती फसवी; धन्याची ढब उचलणारे पुष्कळ होते. खरी साक्ष दिली ती हिशेबाच्या वहीनें! उपसंपादक विल्स हा कोणत्या लेखाचे कोणास किती पैसे दिले तें टिपून ठेवी. पानास एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, हा प्रघात. कांहीं लेखांपुढें डिकन्स व दुसरा, अशीं दोन नांवें आहेत. ही वही अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें आहे. तिच्या आधारें ॲन लोर्ली बाईंनीं १९७३ सालीं लेखकांची यादी छापली. परिच्छेद कोणता कोणाचा, हें मात्र वही सांगत नाहीं.

माझें मत असें : लेखांतील गोष्टीबद्दल उलट विचारलें असतां जो उत्तर देऊं शकतो, तो लेखक. दुसऱ्यानें स्वतःची माहिती घातली असेल तर त्याचेंही नांव यावें. शुद्धलेखन सुधारणाऱ्याचें नको.

या कसोटीवर मीं माझे हात पाहिले. 'उद्योगाचें माहात्म्य' हा परिच्छेद माझा; तो काढला. दादांनीं लिहिलें होतें, पात्यावर वाळल्या काडीसारखा पिंवळा रंग चढला कीं बुडवावें. मीं त्याचें 'सुवर्णासारखें तेजस्वी' केलें होतें! दादा हंसून म्हणाले, "तेवढ्या तापावर बुडवा, पहिल्याच दगडाला धार उडेल."

लेख त्यांच्या एकट्याच्या नांवानें धाडला आहे. त्यांच्या हातचीं मूळ चार पानें शाळेच्या कपाटांत आहेत. कोणास पडताळून पाहावयाचीं असल्यास यावें.