त्याचे दगड फेकू नका



परवा आपल्या डिंगोरे गावी पारावर एका गृहस्थांनी आम्हांला विचारले, "गुरुजी, पोरगं हिशेबात हुशार आहे. त्याला आतापासून गणितच करू द्या. बाकीचं शिकून काय उपयोग?"

ते ऐकून आम्हांला आमचीच चूक आठवली. आमच्या हाताखाली असाच एक मुलगा होता. सुट्टीत तो नदीकाठी हिंडे, नाना रंगांचे दगड जमवी. आम्ही ते फेकून दिले. म्हटले, "नुसती गणिते कर!" मुलाने ऐकले. पण त्याचे प्रश्न विचारणेच थांबले. ते आम्हांला आजही बोचते.

आता दुसरी गोष्ट ऐका. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकले. तेथे गणिताच्या एका मोठ्या पंडिताने सांगितले, "गणितावरच भर द्या." कोसंबींनी गणित पक्के केले, पण इतर विषय सोडले नाहीत. अनेक भाषाही शिकले. पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवू लागले.

त्यांना जुन्या नाण्यांचा नाद लागला. नांगराचा फाळ वापरून झिजतो ना? तसे नाणे हातोहात फिरून झिजते. वजन घटते. कोसंबींनी हजारो नाणी बारीक तराजूत तोलली. गणिताने झीज मोजली. कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, ते त्यावरून ताडले. नुसत्या गणितवाल्याला नाणी सुचली नसती. नुसत्या नाणेवाल्याला गणित जमले नसते.

मग ते खेडोपाडी पायी हिंडले. धनगरांशी बोलले. लेण्यांचा आणि जुन्या व्यापारी वाटांचा अभ्यास केला. आपला नाणेघाट ही तसलीच वाट. १९५६ साली त्यांचा भारताच्या इतिहासावरचा ग्रंथ निघाला. गणिताचा मास्तर इतिहासकार झाला!

एक काम पक्के यावेच. धरसोड करा, असे आम्ही म्हणत नाही. पण शेतकऱ्याला नुसते नांगरता येऊन भागते का? माती, बैल, पाणी, बाजार, सारे कळावे लागते. मुलाचेही तसेच.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच म्हटले, "दादा, पोराला हिशेब करू द्या. पण त्याने दगड आणले, तर फेकू नका. कुठून आणले, ते विचारा."