राखून ठेवलेला एक्का

पत्त्यांच्या खेळाकडे संशयाने पाहण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तरीही म्हैसूर आणि सावंतवाडी या संस्थानांत गंजिफाची रंगवलेली गोल पाने दरबारच्या आश्रयाने वाढली. आणि 1967 साली रमीचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने तिच्यातील दैवाचा भाग ब्रिजच्या वाटणीतील दैवासारखाच मानला व रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविले. बंगळूरच्या श्रोत्यांना म्हैसूरची पाने परकी नाहीत. वाटणी आटोपल्यावर दैवाचे काम संपते; मग उरते काय, हे एका डावावरून पाहता येईल. बाजू मुद्दामच बचावाची घेतली आहे. बोली जिंकणाऱ्याला आपल्या पक्षाची सर्व 26 पाने दिसतात. बचाव करणाऱ्या दोघांना परस्परांची पाने दिसत नाहीत.

दक्षिणेने 2 बिनहुकमीने प्रारंभ केला. संकेताप्रमाणे तिच्याकडे 20 ते 22 गुण. उत्तरेने बोली 3 वर नेली, म्हणजे नऊ हात करणे आले. पश्चिमेने इस्पिकची राणी उतरली आणि डमी उघडी झाली. चौकटमध्ये राजा, राणी, गुलाम, दश्शी, पंजी. इतर तिन्ही रंगांत अठ्ठीहून मोठे पान नाही. पूर्वेकडे चौकटचा एक्का, छक्की, दुर्री.

दक्षिणेने इस्पिकच्या राजाने हात घेतला व चौकटची नव्वी खेळली. पश्चिमेने तिर्री टाकली, डमीतून राजा आला. आता पूर्वेने काय करावे?

एक्का लगेच मारला तर दक्षिणेकडचे उरलेले चौकटचे पान डमीत जाण्याची वाट ठरते आणि चौकटचे चार हात तिच्या पदरात पडतात. म्हणून एक्का राखायचा, हे नवशिक्याही शिकतो. कठीण प्रश्न पुढचा: किती वेळ?

उत्तर त्या तिर्रीत आहे. पाने विषम असतील तर लहान पान आधी टाकावे, सम असतील तर मोठे, असा भिडूंचा संकेत असतो. दुर्री पूर्वेकडेच असल्याने तिर्री हे पश्चिमेचे सर्वांत लहान पान होय. तेव्हा तिच्याकडे चौकटची तीन पाने किंवा एकच. एकच असेल तर दक्षिणेकडे चार, आणि राखण्याने काहीच साधत नाही. म्हणून तीन धरायची. पाच, तीन आणि तीन मिळून अकरा. दक्षिणेकडे दोनच! डमीतून राणी येताच, दुसऱ्याच फेरीत, एक्का मारायचा व इस्पिक परतवायचे. डमीत जाण्याची वाट आता उरली नाही.

दक्षिणेकडे इस्पिकचे एक्का-राजा, बदामची एक्का, राजा, राणी, दुर्री आणि किलवरचा एक्का होता. बदामची उरलेली सहा पाने तीन-तीन विभागली होती, त्यामुळे दुर्रीचाही हात झाला: इस्पिकचे दोन, बदामचे चार, किलवरचा एक, चौकटचा एक. आठ. पूर्वेने आणखी एक फेरी धीर धरला असता तर चौकटचे दोन, एकूण नऊ.

पश्चिमेकडे चौकटची अठ्ठी, सत्ती, तिर्री होती. तिने विचार न करता सत्ती टाकली असती, तर पूर्वेने तिच्याकडे दोनच पाने समजून दक्षिणेकडे तीन मानली असती, आणि एक्का तिसऱ्या फेरीपर्यंत राखला असता.