एकशे तीस डॉलरचा चेक
(कामगार वाचनालयाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. युनियनच्या व्यासपीठावर चित्रकथांचे काय काम? मुलांच्या हातातला 'सुपरमॅन' आपल्याला माहीत आहे. पण तो ज्याने लिहिला, तो जेरी सीगल म्हातारपणी कारकून-टायपिस्टची नोकरी करीत होता, हे फारसे कोणाला माहीत नाही. त्याची हकीकत ही आपल्याच घरातली हकीकत आहे.

सीगलचा जन्म १९१४ सालचा, अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातला. वडील कपड्यांचे दुकान चालवीत. १९३२ साली दुकानात चोर शिरले, त्या प्रसंगात वडील गेले. तो काळ महामंदीचा होता. विज्ञानकथांनी वेडावलेल्या या मुलाने कोणा प्रकाशकाची वाट पाहिली नाही. त्याच वर्षी 'सायन्स फिक्शन' नावाचे छोटे मासिक त्याने स्वतःच सुरू केले. सायक्लोस्टाइल करायचे आणि टपालाने पाठवायचे. अंक निघाले पाचच. त्यातल्या जानेवारी १९३३ च्या अंकात 'सुपरमॅन' हे नाव प्रथम आले. तो सुपरमॅन मात्र खलनायक होता. चित्रे शाळासोबती जो शुस्टर याची होती.

पुढे दोघांनी त्याच नावाचा, गांजलेल्यांच्या मदतीला धावणारा नायक उभा केला. वर्षानुवर्षे साभार परत येत राहिला. अखेर १९३८ च्या मार्चमध्ये एका प्रकाशन कंपनीने तो घेतला. तेरा पानांचे, पानाला दहा डॉलरप्रमाणे, १३० डॉलर दिले. दोघांत वाटून पासष्ट-पासष्ट. मागच्या इतर कामाचे पैसे धरून ४१२ डॉलरचा चेक होता आणि त्यावर दोघांचीही नावे चुकीची लिहिलेली होती! सोबतच्या कागदावर सही झाली आणि सुपरमॅनचे सर्व हक्क कायमचे कंपनीकडे गेले. दोघांचे वय तेव्हा तेवीस.

अंक धडाधड खपले. दोघांना लिहिण्या-काढण्याचे पैसे चांगले मिळत होते, हेही सांगितले पाहिजे. पण मालकी नव्हती, म्हणून खात्रीही नव्हती. सीगल सैन्यात असताना, त्याने पूर्वी सुचवलेला 'सुपरबॉय' कंपनीने त्याच्याविना सुरू केला. १९४७ साली दोघांनी दावा लावला. दुसऱ्या वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली. काम गेले आणि सुपरमॅनवरचे नावही गेले. पुढे १९५९ च्या सुमारास सीगल त्याच कंपनीत परतला, तो पानावारी मजुरीवर, बिननावाचा लेखक म्हणून. आपल्याच मुलाच्या घरी गडी म्हणून राहावे, तसे ते होते.

त्याने पुन्हा कोर्ट गाठले. १९७४ साली अपिलातही हार झाली. कागद कंपनीच्या बाजूने होता. तोवर शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेलेली. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार असे जाहीर झाले, तेव्हा साठी गाठलेल्या सीगलने टाइपरायटरवर आपली कैफियत लिहिली आणि वर्तमानपत्रांना पाठवली.

बंधूंनो, इथून पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार पुढे आले. व्यंगचित्रकारांच्या संघटना पाठीशी उभ्या राहिल्या, वर्तमानपत्रे आणि टेलिव्हिजनवर चर्चा झाली. चित्रपटाच्या तोंडावर बदनामी कंपनीला परवडणारी नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये समझोता झाला. दोघांना प्रत्येकी वर्षाला वीस हजार डॉलर, आजारपणाचा विमा आणि सुपरमॅनच्या कथांवर पुन्हा त्यांचे नाव. हक्क मात्र परत मिळाले नाहीत. शुस्टर १९९२ साली आणि सीगल १९९६ साली वारला. वारसांची कज्जेदलाली त्यानंतरही चालू राहिली. तो जुना चेक २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला!

यातून काय घ्यायचे? कायद्याने दोनदा नाही म्हटले, ते एकजुटीने काही आठवड्यांत मिळवले. पण एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबू नका. ही एकजूट सदतीस वर्षे उशिरा आली. तेवीस वर्षांच्या पोरांना सही करण्यापूर्वी 'थांब, कागद वाच' असे सांगणारी संघटना तेव्हा त्यांच्यामागे नव्हती.

आपल्यातही आरएमएसच्या रात्रपाळीनंतर कथा लिहिणारे आहेत, रनिंग रूममध्ये वहीत चित्रे काढणारे आहेत. दिवाळी अंकात नाव छापून आले की आपण धन्य होतो, कागद कोण वाचतो? आपल्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे की, हक्क देताना करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. मुदत 'कायमची' लिहिली असेल तर मात्र ही तरतूद कामी येत नाही. म्हणून तो शब्द शोधा. बढतीच्या, बदलीच्या कागदासाठी युनियनच्या कचेरीत येता, तसे हाही कागद घेऊन या.

वीस हजार डॉलरपेक्षा सीगलला नावाचे मोल किती वाटले असेल, हे सर्व्हिस बुकात एक नोंद चुकली म्हणून वर्षभर अर्ज करणाऱ्या आपल्या माणसाला वेगळे सांगायला नको. केलेल्या कामावर आपले नाव असावे, ही मागणी भिकेची नाही, हक्काची आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!