मेंदूचा अभ्यास आपल्या महाविद्यालयातच सुरू व्हावा



शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते, त्या जयगडात मी आपलं मनापासून स्वागत करतो.

मेंदूविज्ञानाच्या पदवीशिक्षणावरची परिषद बंदरावर कशाला, असं काहींनी विचारलं. त्यांना मी जाळ्यात येणारी म्हाकुलं दाखवीन. काही जातींच्या म्हाकुलात एक मज्जातंतू जवळजवळ एक मिलिमीटर जाड असतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी त्याच्या आत तार सरकवली आणि सोडियम आत येतं, पोटॅशियम बाहेर जातं, त्यातून संदेश पुढे धावतो, हे गणितानिशी मांडलं. ते साल 1952. 1963 साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या मज्जातंतूंतही संदेश मुळात याच रीतीने धावतो.

हे शोधायला प्राणिशास्त्र लागलं, भौतिकशास्त्र लागलं, गणित लागलं. तरी आपल्या घरांत मेंदूचा अभ्यास म्हणजे फक्त एमबीबीएस. ‘नीट’मध्ये गुण कमी पडले की मुलीची मेंदूविषयीची ओढच संपवून टाकायची. हा अन्याय आहे, आणि तो आपण प्रेमापोटी करतो म्हणून लवकर लक्षात येत नाही.

विदिता वैद्य यांचं उदाहरण घ्या. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये त्यांनी जीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र घेऊन पदवी केली. मेंदूविज्ञान हा त्यांचा पुढचा मुक्काम. आज टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) त्या भावनांमागच्या मेंदूतल्या यंत्रणेवर संशोधन करतात. 2015 साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. बारावीनंतर थेट विज्ञान संशोधनाच्या वाटेने जायचं तर पुण्याचं आयसर आहे, मुंबईचं मूलभूत विज्ञान केंद्र आहे. त्यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या असतात. ही माहिती अकरावीतच मुलांच्या हाती पडायला हवी.

सगळेच संशोधक होणार नाहीत. पण रत्नागिरीत 1886 पासून मनोरुग्णालय आहे, आणि तरीही मनाच्या आजाराला करणी समजून माणूस घरात कोंडणारी कुटुंबं आपल्यात आहेत. मेंदू शिकलेली एखादी शिक्षिका, एखादी परिचारिका त्या घराचा उंबरठा ओलांडू शकते. मला या अभ्यासाचं सर्वांत मोठं मोल इथे वाटतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत मुख्य विषयाला दुय्यम विषयाची जोड दिली आहे. प्राचार्यांना माझी विनंती आहे: प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मानसशास्त्र किंवा भौतिकशास्त्र घेता येईल, असं वेळापत्रक करा. प्रयोगशाळा दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून वापरा. वेगळ्या नावाच्या पदवीची वाट पाहू नका. या दोन दिवसांत निदान एवढं ठरवून जा. म्हाकुलं पुरवायची जबाबदारी आम्हा जयगडकरांची.