होडीचा फोटो बैलासारखा काढा

डोंगरातल्या माणसानं होड्यांवर का बोलावं, असं वाटेल कुणाला. पण आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून दरवर्षी माणसं बंदराला उतरतात, खलाशी म्हणून बोटीवर राबतात. घरी आली की ती पोरं मोबाइल दाखवतात. प्रत्येकाकडे तोच फोटो: मावळता सूर्य, लाल पाणी, मधोमध काळी होडी. देखणा असतो, नाही म्हणत नाही. पण पोरांनो, त्यात होडी कुठे दिसते?

बाजारात बैल घ्यायचा तर तुम्ही तो तिन्हीसांजेला, उन्हाकडे तोंड करून बघाल का? नाही ना? भोवती फेरी घालता. बाजूनं उभा बघता, खांदा चाचपता, दात मोजता, खूर उचलता. होडीचा फोटो तसा काढा. एक बाजूनं, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत अख्खी होडी. एक समोरून, नाळ कशी वर चढते ते दिसेल असा. एक मागून. एक आत वाकून, बरगड्यांचा. ओहोटीला होडी वाळूवर टेकली की खाली बसून पठाण, म्हणजे तळाचा कणा, घ्या. बैलाचा खूर तोच. आणि दहा पावलं मागं सरा. मोबाइल जवळ नेला की नाळ फुगते, होडी खोटी दिसते. शेजारी एखादं माणूस उभं करा, म्हणजे उंची कळेल. तांडेलाला विचारूनच.

एवढा आग्रह का, ते सांगतो. सातपाटीची बोट आणि वर्सोव्याची बोट एक नाही. मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत हे दोन वेगळे प्रकार आहेत. जेम्स हॉर्नेल या अभ्यासकानं १९२० साली हिंदुस्थानातल्या होड्यांच्या घडणीवर अख्खा ग्रंथ लिहिला. तो किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरला, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या होड्या आपल्याला कळतात. पण होडी बांधणाऱ्या आपल्या सुतारांनी कागदावर काही ठेवलं नाही. त्यांचं माप नजरेत आणि हातात. फळीला किती बाक द्यायचा ते बाप मुलाला दाखवतो, लिहून देत नाही. आता लाकूड परवडत नाही, फायबरच्या होड्या आल्या, मुलगा दुसऱ्या कामाला गेला. जुनी होडी मोडली की फळ्या सरपणाला जातात. मग तिचा बाक कुठे शोधाल? तुमच्या त्या लाल फोटोत?

मीही पूर्वी तसलेच फोटो काढले. एकदा एका म्हाताऱ्या सुताराला मोठ्या हौसेनं दाखवले. त्यांनी फोटो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ही कुठली?" मला सांगता आलं नाही. त्यांनाही ओळखता आलं नाही, आणि ती त्यांच्याच बंदरावरची होती.

म्हणून पुन्हा सांगतो, बाजूनं, समोरून, मागून, आतून. आणि फोटोबरोबर गावाचं नाव आणि तारीख. आपल्या जव्हारातल्या वावर-वांगणीच्या लोकांना हे मी का सांगावं? १९९२-९३ मध्ये कुपोषणाच्या बातम्यांतून आपलं नाव महाराष्ट्रभर गेलं. मूल कुणाचं, पाडा कुठला, हे किती वाचणाऱ्यांच्या लक्षात राहिलं? नाव सुटलं की माणूसही सुटतो, होडीचं तर काय.

वेळ कोणती? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात, झावळ्यांखाली काही दिसत नाही. नारळी पौर्णिमा जवळ आली की शाकार निघतो, डागडुजी होते, रंग चढतो. तेव्हा जा. आभाळ झाकलेलं असतं, सावल्या मऊ पडतात, आतल्या बरगड्यासुद्धा स्वच्छ येतात. रंग चढायच्या आधी एक फेरी, नंतर एक. आधीच्या फेरीत फळ्यांचे सांधे दिसतात.

सुताराच्या हत्यारांविषयी बोलायचं होतं, ते राहिलं. मिनिटभरच उरलं आहे. निदान एवढं करा, फटीत कापूस ठोकताना त्यांच्या हातांचा फोटो घ्या, जवळून, आणि घाई न करता, कारण ठोका कुठे बसतो ते…