खोली द्यायची, पण आधी घराचा कागद



गेल्या काही महिन्यांपासून आमच्या बचत गटात कर्जाच्या अर्जावर एक नवीन कारण दिसायला लागलं आहे. पूर्वी शिलाई मशीन, पापडाचं सामान, मुलांची फी अशी कारणं असायची. आता लिहिलेलं असतं, 'खोली तयार करणे'. म्हणजे घरातली एक खोली रंगवायची, पलंग-गादी टाकायची आणि ती महिन्यावर न देता दिवसावर भाड्याने द्यायची. बहुतेकींनी मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितलेला असतो. घरबसल्या महिन्याला पन्नास हजार, असं त्यात कुणीतरी छातीठोकपणे सांगत असतं. आज आपण त्याबद्दलच बोलू या.

कल्पना वाईट नाही, हे आधीच सांगतो. ज्या एअरबीएनबीचं नाव सगळे घेतात, तिची सुरुवातही अशाच अडचणीतून झाली. २००७ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात दोन तरुणांना घरभाडं भरणं जड जात होतं. शहरात एक मोठी परिषद होती, हॉटेलं भरली होती. त्यांनी हवेच्या गाद्या फुगवल्या, पाहुणे ठेवले आणि सकाळी नाश्ता दिला. धंदा एवढाच होता.

आणि आपल्या खडकीला परक्या माणसाची सवय आजची आहे का? ५ नोव्हेंबर १८१७ ला इथे पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, मग छावणी वसली. १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला. तेव्हापासून हे बदलीवर आलेल्या माणसांचं गाव आहे. आजही बघा ना. बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झालेल्या पोराची कसम परेड असली की त्याचे आईवडील लांबून येतात. लष्करी रुग्णालयात कुणी असलं की घरचं माणूस सोबत राहतं. जखमी होऊन अपंगत्व आलेल्या जवानांसाठी १९७४ पासून इथे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, तिथे भेटायला नातेवाईक येतात. गणेशखिंडीतल्या विद्यापीठात कामासाठी आलेल्या मुली असतात. रेल्वे स्टेशन आहे, आता मेट्रोचं स्थानकही झालं. या माणसांना पोहण्याचा तलाव नको असतो. पहाटे पाचला गरम पाणी, स्वच्छ संडास, तळमजला आणि घरचं जेवण मिळालं की पुरे. हे आपल्याला देता येतं.

तरीही आमच्या गटात कुणी असा अर्ज आणला की आम्ही रंगाचा खर्च विचारत नाही. आम्ही विचारतो, 'ताई, घराचा कागद कुठला आहे?'

खडकी बाजारातल्या जुन्या वाड्यांत बऱ्याच जणी भाडेकरू आहेत. पावती सासऱ्यांच्या नावाची, भाडं अगदी थोडं, घर मात्र तीन पिढ्यांचं. इतकी वर्षं राहिलो म्हणजे ते आपलंच, असं वाटणं साहजिक आहे. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात स्पष्ट आहे की भाडेकरूने मालकाशी तसा करार नसताना पोटभाडेकरू ठेवायचा नाही, आणि ठेवला तर तेवढ्या कारणावरून मालक घर खाली करून मागू शकतो. आमच्या गटातल्या एका ताईंची पुढची खोली रस्त्यालगत, वेगळ्या दाराची, या कामाला अगदी सोयीची. पावती बघितली आणि त्यांना सांगावं लागलं की राहू द्या. पाहुण्याने मोबाईलवर खोलीचा फोटो टाकून छान म्हणून लिहिलं, तर तोच फोटो मालकाच्या वकिलाच्या हातात पुरावा होईल. रात्रीच्या सहाशे रुपयांसाठी डोक्यावरचं छप्पर पणाला लावायचं का? ताई आठ दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. चालायचंच.

कारखान्याचं किंवा लष्कराचं क्वार्टर असेल तर विचारसुद्धा करू नका. ते ज्याच्या नावावर आहे त्याच्या नोकरीवर येतं. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेला फ्लॅटही ठरावीक वर्षं विकता किंवा भाड्याने देता येत नाही. 'सगळे देतात' हे आम्हालाही माहीत आहे, पण नोटीस सगळ्यांना मिळून येत नाही, एकीलाच येते. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत घर स्वतःचं असलं तरी खालची जमीन बहुतेक ठिकाणी संरक्षण खात्याची, लीजवर किंवा ओल्ड ग्रँटवर असते. राहत्या घरात धंदा करायचा तर आधी बोर्डाच्या कार्यालयात जाऊन विचारायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं. सोसायटीत असाल तर कमिटीला आधी सांगा. जिन्यात रोज नवा चेहरा दिसला की शेजारीण तक्रार करणारच, आणि तिचं चूकही नाही.

आता कागद साफ आहे असं धरू. स्वतः त्याच घरात राहून एक-दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या असतील, तर पर्यटन संचालनालयाची निवास व न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंदणी करून घ्या. महिलांसाठी २०२३ साली राज्याने 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. त्यात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. परत मिळतं ते व्याज, मुद्दल नव्हे, हे घरच्यांनाही नीट समजावून सांगा.

येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं आणि वहीत नाव, गाव, फोन, कुणाकडे आला, कधी गेला हे लिहायचं. आधारची प्रत घ्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारी घ्या. पाहुणा परदेशी असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. आपण लष्करी भागात राहतो, इथे या बाबतीत ढिलाई चालत नाही. दोन रात्रींचा पाहुणा 'अजून थोडे दिवस राहतो' म्हणत महिन्यावर गेला, तर तो पाहुणा राहिला नाही. मग लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवायचा. करार नोंदवण्याची जबाबदारी घर देणाऱ्याची आहे. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भाडेकरूची माहिती पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते, तीही भरा.

आणि घरात वयात आलेली मुलगी असेल, संडास-बाथरूम एकच असेल, तर आमचं मत सरळ आहे. हा धंदा तुमच्यासाठी नाही. वेगळं दार, वेगळं बाथरूम असेल तरच. फक्त कुटुंब किंवा बायका ठेवू, असं ठरवलं तर ते शेवटपर्यंत पाळा. रात्री अकराला दारात उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे.

हिशोब करून बघू. समजा, रात्रीचे ६०० रुपये घेतले आणि महिन्यात १२ रात्री खोली गेली, तर ७२०० आले. चादरी धुणं, गिझरची वीज, साबण, चहा यांचे रात्रीमागे १५० धरा. ते १८०० वजा जाता ५४०० राहिले. तीच खोली महिन्याने दिली असती आणि ५००० मिळाले असते, तर वरच्या ४०० रुपयांसाठी बारा वेळा फरशी पुसली. २० रात्री गेल्या तर मात्र ९००० राहतात. म्हणजे सगळा खेळ रात्री किती भरतात त्यावर आहे. म्हणून दुसऱ्याचा फ्लॅट भाड्याने घेऊन तो दिवसावर द्यायचा, या कल्पनेला आमच्या गटाने कर्ज नाकारलं. पाहुणा येवो न येवो, त्या फ्लॅटचं भाडं एक तारखेला द्यावंच लागतं.

मग पाहुणा शोधायचा कुठे? फोटो नंतर टाका. आधी रुग्णालयासमोरचा चहावाला, रिक्षा स्टँड, मेस चालवणारी काकू, माजी सैनिकांच्या ओळखीची माणसं, यांना सांगून ठेवा. पहिले दहा पाहुणे ओळखीतूनच यावेत. तेवढ्यात आपल्याला काय जमतं आणि काय नाही, ते कळतं.

इथे अजून एक गोष्ट बोलायची आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी औंधला, बोपोडीला, रेंजहिल्सला पोळ्या करायला, धुणीभांडी करायला जातात. कुठला फ्लॅट पुढच्या महिन्यात रिकामा होणार, कुठले आजीआजोबा मुलाकडे जाऊन राहणार, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. एजंट लोक या खबरीला 'लीड' म्हणतात आणि तिच्यासाठी पैसे मोजतात. आपली ताई ती खबर चहा पिता पिता देऊन टाकते. एजंटला एकेका घरामागे महिन्याच्या भाड्याएवढी दलाली मिळते, ताईला दिवाळीत साडी. यापुढे आधी ठरवा, सौदा झाला तर माझे किती, आणि ते मोबाईलवर मेसेजमध्ये लिहून घ्या. तोंडी ठरलेलं सोयीने विसरलं जातं.

मात्र मालकिणीला विचारल्याशिवाय एक शब्दही बाहेर जाता कामा नये. घर रिकामं आहे ही खबर एजंटला जितकी उपयोगाची, तितकीच चोरालाही. शिवाय ज्या घराने विश्वासाने किल्ली दिली, ते काम कायमचं जाईल. नव्या इमारतीतले फ्लॅट विकून देण्याच्या भानगडीत तर पडूच नका. महारेराकडे नोंद असलेल्या प्रकल्पातलं घर विकून द्यायला एजंटलाही महारेराची नोंदणी लागते, आणि ती नसेल तर दंड दिवसाला १० हजारांच्या हिशोबाने चढत जातो.

बाजारातल्या त्या ताईंचं सांगायचं राहिलं. त्यांची खोली देता आली नाही. पण जवळच एका घरमालकीणबाईंच्या दोन खोल्या आहेत, कागद साफ आहेत, पण वयामुळे त्यांच्याने होत नाही. आता किल्ली ताईंकडे असते. पाहुणा आला की खोली उघडणं, वहीत नोंद करणं, चादरी बदलणं आणि हवा असेल तर डबा देणं हे त्या करतात. खोलीमागे ठरलेले पैसे वेगळे, डब्याचे वेगळे. कर्ज घेतलं ते फक्त चादरी आणि डब्यांपुरतं, आणि हप्ते वेळेवर येतायत.

ज्यांना खोलीसाठी अर्ज करायचा आहे त्यांनी येत्या बैठकीला येताना घराची पावती किंवा करार, कराची पावती आणि वीजबिल सोबत आणा. नाव कुणाचंही असलं तरी आणा. आपण एकत्र बसून वाचू.